नाव एकच, वागणूक वेगळी: लिनक्स, बीएसडी आणि मॅकओएसवर सॉकेट ऑप्शन कसे वापरावेत

गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ट्रॉलर जेटीला लागलेले असतात, बर्फाच्या कारखान्यांत यंत्रांची दुरुस्ती चालते आणि माझेही वर्षाचे खरे काम याच दिवसांत होते. मालीम, शापोरा आणि कुटबण येथील शीतगृहांत बसवलेल्या छोट्या लिनक्स पेट्या दर मिनिटाला तापमानाची नोंद आमच्या सर्व्हरकडे पाठवतात. सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतो आणि त्याचा प्रोग्राम मी म्हापशात घरी बसून मॅकवर लिहितो. सी भाषेतला एकच कोड या तिन्ही ठिकाणी विनातक्रार कंपाइल होतो, पण तिन्ही ठिकाणी सारखा वागत नाही. सॉकेट, म्हणजे प्रोग्रामच्या हातातले नेटवर्क जोडणीचे टोक, उघडल्यापासून ते बंद होईपर्यंत ही वागणूक नेमकी कुठे फाटते आणि प्रत्येक ठिकाणी कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात त्याच क्रमाने मांडले आहे. ऑप्शनांची, म्हणजे सॉकेटाचे वागणे ठरवणाऱ्या सेटिंगांची, नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. हेडर फाइलींत हीच नावे रोमन मोठ्या अक्षरांत सापडतील.

हे फरक का पडले, हे समजले की ते लक्षात ठेवणे सोपे जाते. सॉकेटची रचना १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्स प्रणालीबरोबर आली. फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी हे त्या घराण्याचे थेट वारस आहेत, आणि मॅकओएसच्या कर्नलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, नेटवर्कचा भागही मुख्यतः फ्रीबीएसडीकडूनच आलेला आहे. लिनक्सने मात्र फंक्शनांची आणि ऑप्शनांची नावे तेवढी घेतली व आतला सगळा कोड स्वतंत्रपणे लिहिला. पुढे पॉझिक्स मानकाने काही मोजकी नावे पक्की केली, परंतु प्रत्येक नावाखालचा बारीक तपशील ज्या त्या कर्नलवर सोडला.

पहिली पायरी: कोडची मांडणी

सर्वप्रथम ऑप्शन लावणाऱ्या सगळ्या सेटसॉकऑप्ट हाका (फंक्शन कॉल) एका स्वतंत्र फाइलीत आणाव्यात, आणि प्रत्येक कामासाठी एक छोटे फंक्शन लिहावे: ‘पोर्ट पुन्हा वापरू दे’, ‘मेलेली जोडणी ओळख’, ‘सिग्नल पाठवू नकोस’ वगैरे. फंक्शनचे नाव हेतूवरून ठेवावे, ऑप्शनवरून नव्हे, कारण एकच हेतू साधण्यासाठी लिनक्सवर एक ऑप्शन लागतो तर मॅकवर दुसरा. प्रीप्रोसेसरची, म्हणजे कंपाइलपूर्वी कोडचा भाग निवडणारी, अट शक्यतो ऑपरेटिंग सिस्टीमच्या नावावर न लावता ऑप्शनच्या नावावर लावावी. मात्र नाव हेडरमध्ये आहे म्हणून अर्थही तोच आहे, असे धरून चालू नये. एसओ_रीयूजपोर्टच्या बाबतीत ही समजूत कशी अंगाशी येते, ते पुढे येईलच.

ऑप्शनचे आकडे कोडमध्ये हाताने कधीही लिहू नयेत. सामान्य पीसीवरील लिनक्समध्ये एसओएल_सॉकेटची किंमत १ आणि एसओ_रीयूजॲडरची २ आहे. बीएसडी घराण्यात याच किमती अनुक्रमे ६५५३५ आणि ४ आहेत. गंमत अशी, की मिप्स प्रोसेसरवरील लिनक्समध्येही त्या ६५५३५ आणि ४ याच आहेत. स्वस्त राउटरमध्ये मिप्स प्रोसेसर सर्रास सापडतो. म्हणजे ‘लिनक्स आहे, तर आकडा हाच’ एवढेही म्हणता येत नाही.

प्रत्येक हाकेचा परतावा तपासावा. नव्या हेडरवर कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्या कर्नलवर चालवला, तर ईनोप्रोटोऑप्ट (असा ऑप्शन नाही) ही चूक परत येते. ती पाहून प्रोग्राम थांबवायचा की पुढे जायचे, हा निर्णय त्या ऑप्शनच्या महत्त्वानुसार घ्यावा लागतो. शिवाय हाक यशस्वी झाली तरी गेटसॉकऑप्टने किंमत परत वाचून लॉगमध्ये लिहावी. ही सवय मी पुढे ज्या फजितीचे वर्णन केले आहे तिच्यानंतर लावून घेतली. आधी लावली असती तर ती फजिती झालीच नसती.

दुसरी पायरी: बाइंड करण्यापूर्वी एसओ_रीयूजॲडर

टीसीपी जोडणी जी बाजू आधी बंद करते, तिच्याकडे ती जोडणी काही काळ टाइम-वेट, म्हणजे उशिरा येणाऱ्या पॅकेटांसाठी थांबण्याच्या, अवस्थेत राहते. लिनक्सवर हा काळ ६० सेकंदांचा आहे आणि तो कर्नलमध्येच ठरलेला आहे. फ्रीबीएसडीवर एमएसएलची (पॅकेट जास्तीत जास्त किती काळ जगते त्याची) मूळ किंमत ३० सेकंद असल्याने तिची दुप्पट, म्हणजे तेवढाच काळ होतो. मॅकओएसवर एमएसएल १५ सेकंद असल्याने तो ३० सेकंदांवर येतो. या काळात सर्व्हर पुन्हा सुरू केला, की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ अशी चूक येते. ती टाळण्यासाठी बाइंडच्या, म्हणजे पत्ता व पोर्ट धरण्याच्या, आधी एसओ_रीयूजॲडर लावायचा, हे सगळ्यांना पाठ असते. खरे फरक यापुढे सुरू होतात.

बीएसडी घराण्यात फक्त नंतर येणाऱ्या सॉकेटने हा ऑप्शन लावलेला पुरतो. लिनक्सवर मात्र आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही सॉकेटांनी तो लावलेला असावा लागतो. याचा व्यवहारातला परिणाम असा, की चालू सर्व्हरमध्ये हा ऑप्शन नसेल आणि आज तुम्ही तो लावून नवी आवृत्ती चढवली, तर लिनक्सवर त्या पहिल्या वेळी नवी आवृत्तीही अडकू शकते, कारण मागे उरलेल्या टाइम-वेट जोडण्या ऑप्शन नसलेल्या जुन्या प्रोग्रामच्या आहेत. मिनिटभर थांबावे, दुसऱ्या वेळेपासून सर्व सुरळीत होते. कोडमध्ये चूक शोधत बसू नये.

दुसरा फरक सर्व पत्ते आणि एक विशिष्ट पत्ता यांच्यातला आहे. एका सॉकेटने ‘यंत्राचे सगळे पत्ते’ असे म्हणून पोर्ट धरला असेल आणि दुसऱ्याला त्याच पोर्टवर एकच विशिष्ट पत्ता हवा असेल, तर बीएसडीवर एसओ_रीयूजॲडरच्या जोरावर हे दोघे एकत्र नांदू शकतात व अधिक नेमका पत्ता असलेल्याला त्या पत्त्यावरच्या जोडण्या मिळतात. लिनक्सवर मात्र पहिले टीसीपी सॉकेट लिसन (जोडण्यांची वाट पाहण्याच्या) अवस्थेत असेल, तर ऑप्शन असूनही दुसऱ्याला नकार मिळतो. लिनक्सची ही कडक बाजू मला अधिक पटते, कारण दुसऱ्या प्रोग्रामने गुपचूप येऊन नेमक्या पत्त्यावरच्या जोडण्या ओढून नेण्याचा धोका तिच्यामुळे टळतो.

यूडीपीच्या, म्हणजे जोडणी न करता सुटी पॅकेटे पाठवण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत पारडे उलटे फिरते. लिनक्सवर दोन यूडीपी सॉकेटांनी एसओ_रीयूजॲडर लावला, तर ती अगदी एकच पत्ता आणि एकच पोर्ट धरू शकतात, आणि एखाद्या यंत्राला थेट पाठवलेले पॅकेट त्यांपैकी एकालाच मिळते. बीएसडीवर मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना पाठवणे) सोडता अशा तंतोतंत वाटणीसाठी एसओ_रीयूजपोर्ट लागतो. म्हणून साध्या यूडीपी सर्व्हरला लिनक्सवर एसओ_रीयूजॲडर लावूच नये. यूडीपीला टाइम-वेट नसतेच, त्यामुळे त्याचा लाभ काहीच नाही. उलट चुकून दोनदा सुरू झालेला प्रोग्राम कोणतीही चूक न दाखवता दुसऱ्याची पॅकेटे गिळून बसतो.

तिसरी पायरी: अनेक प्रक्रिया आणि एसओ_रीयूजपोर्ट

हे नाव ४.४ बीएसडीपासूनचे आहे. तिथे त्याचा अर्थ एवढाच, की सर्वांनी हा ऑप्शन लावला असेल तर अनेक सॉकेटे तोच पत्ता व पोर्ट धरू शकतात. येणाऱ्या टीसीपी जोडण्या त्यांच्यात वाटण्याचे वचन त्यात नाही. लिनक्सने २०१३ साली ३.९ या कर्नलमध्ये हेच नाव घेतले, पण त्याला नवे काम दिले: जोडणीच्या दोन्ही टोकांचे पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश (त्यांवरून ठरणारा आकडा) काढून ती एखाद्या लिसन सॉकेटकडे सोपवायची. त्यासाठी पहिल्या सॉकेटासह सर्वांनी ऑप्शन लावलेला असावा लागतो आणि सगळ्या प्रक्रियांचा इफेक्टिव्ह (प्रत्यक्षात लागू असलेला) यूजर आयडी एकच असावा लागतो.

लिनक्सवर चार प्रक्रिया चालवून काम छान वाटले जाते असे पाहिलेला माणूस तोच कोड मॅकवर किंवा फ्रीबीएसडीवर नेतो, चारही बाइंड यशस्वी होतात, आणि सगळ्या जोडण्या एकाच प्रक्रियेकडे जाताना दिसतात. चूक कुठेच येत नाही. फ्रीबीएसडीवर वाटणी हवी असेल तर १२.० या आवृत्तीपासून एसओ_रीयूजपोर्ट_एलबी हा वेगळा ऑप्शन आहे. आधी तो हेडरमध्ये आहे का ते पाहावे, नसेल तर एसओ_रीयूजपोर्टकडे वळावे. ड्रॅगनफ्लाय बीएसडीने मात्र जुन्याच नावाखाली वाटणी आणली. मॅकवर वाटणीची अपेक्षाच ठेवू नये. तिथे एका प्रक्रियेने लिसन करून तेच सॉकेट फोर्कने तयार झालेल्या मुलांना (उप-प्रक्रियांना) वारशाने द्यावे.

लिनक्सच्या वाटणीबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत समोर लागेल त्या मोकळ्या बोटीत गाडी चढते. येथे तसे होत नाही. येथे गाडीच्या नंबरवरून बोट ठरते, मग ती बोट गच्च भरलेली असली तरी. एखादी प्रक्रिया अडकली तर तिच्या वाट्याच्या जोडण्या तिच्याच रांगेत ताटकळतात, आणि ती प्रक्रिया मेली तर ॲक्सेप्ट न झालेल्या, म्हणजे प्रोग्रामने अजून न स्वीकारलेल्या, जोडण्या तुटतात. या दुसऱ्या अडचणीवर ५.१४ कर्नलपासून टीसीपी_मायग्रेट_रेक नावाचे सिस्टीम सेटिंग उपलब्ध आहे.

चौथी पायरी: आयपीव्ही६ चे सॉकेट आयपीव्ही४ घेते का

आयपीव्ही६_व्ही६ओन्ली या ऑप्शनची मूळ किंमत लिनक्स आणि मॅकओएसवर ० आहे, म्हणजे आयपीव्ही६ चे एकच सॉकेट दोन्ही प्रकारच्या जोडण्या घेते. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडीवर ती १ आहे. ओपनबीएसडीवर ती कायमच १ असते, आणि ० करायला गेले तर ईइन्व्हॅल (अवैध किंमत) ही चूक मिळते. येथे निर्णय सोपा आहे: नेहमी दोन वेगळी सॉकेटे उघडावीत, आणि आयपीव्ही६ च्या सॉकेटावर बाइंडपूर्वी १ ही किंमत स्वतः लावावी. ती न लावल्यास लिनक्सवर दुसरे, म्हणजे आयपीव्ही४ चे बाइंड ‘पत्ता वापरात’ म्हणून फसते. आणखी एक फायदा असा, की आयपीव्ही४ चे पत्ते आयपीव्ही६ च्या वेषात लॉगमध्ये येत नाहीत.

पाचवी पायरी: बफरचा आकार

येणारा डेटा साठवणाऱ्या बफरचा आकार ठरवणाऱ्या एसओ_आरसीव्हीबफला ६५५३६ मागावे आणि लिनक्सवर परत वाचावे, तर १३१०७२ दिसते. कर्नल स्वतःच्या हिशेबाच्या जागेसाठी मागितलेली किंमत दुप्पट करतो व वाचतानाही दुप्पटच दाखवतो. बीएसडी आणि मॅकवर मागितले तेवढेच दिसते. त्यामुळे ‘वाचलेली किंमत मागितलेल्याइतकीच असली पाहिजे’ अशी चाचणी लिहू नये; ‘निदान तेवढी तरी असावी’ अशी लिहावी.

मर्यादा ओलांडल्यावरचे वागणे तर अगदी परस्परविरुद्ध आहे. लिनक्सवर आरमेम_मॅक्स ही कमाल मर्यादा २१२९९२ असताना ४ एमबी मागितले, तर हाक यशस्वी होते आणि परत वाचल्यावर ४२५९८४ दिसते. म्हणजे कर्नलने मागणी गुपचूप कापली. फ्रीबीएसडीवर मॅक्ससॉकबफची मूळ मर्यादा २ एमबी आहे, आणि तिच्यापेक्षा जास्त मागितले की थेट ईनोबफ्स (बफरला जागा नाही) ही चूक येते व बफर जुन्याच आकाराचा राहतो. मॅकवरही वागणे असेच आहे. फ्रीबीएसडीवर नेमके २ एमबी मागितले तरी नकार मिळतो, कारण एमबफच्या (कर्नलच्या पॅकेट साठवणाऱ्या तुकड्यांच्या) व्यवस्थेचा खर्च वजा करून प्रत्यक्ष मर्यादा १८ लाख ६४ हजार बाइटांच्या आसपास उरते. म्हणून दोन्हीकडे चालेल अशी रीत ही: मोठ्या आकड्यापासून सुरुवात करावी, चूक आली तर निम्मे करून पुन्हा मागावे, आणि शेवटी परत वाचून लॉग करावे.

मात्र त्याआधी स्वतःला विचारावे, की हा ऑप्शन लावायचाच कशाला? लिनक्सवर टीसीपीसाठी एसओ_आरसीव्हीबफ लावला, की कर्नलचे आपोआप आकार वाढवण्याचे काम त्या सॉकेटापुरते बंद पडते, आणि बहुतेक वेळा कर्नलचा अंदाज आपल्यापेक्षा बरा असतो. आमच्या तापमानाच्या नोंदी शे-दोनशे बाइटांच्या. तिथे मी कुणाच्या तरी कोडमधून उचललेला ४ एमबीचा आकडा दोन वर्षे मिरवत होतो. लावायचाच असेल तर लिसन किंवा कनेक्टपूर्वी लावावा, कारण विंडो स्केलिंगचे प्रमाण (विंडो किती पट मोठी धरायची ते) जोडणी उघडणाऱ्या पहिल्या सिन पॅकेटांच्या देवाणघेवाणीतच ठरते.

सहावी पायरी: ॲक्सेप्ट झालेले सॉकेट

लिसन करणारे सॉकेट नॉन-ब्लॉकिंग (हाक वाट पाहत न थांबणारे) असेल, तर त्याच्यातून ॲक्सेप्ट झालेले सॉकेट बीएसडी व मॅकवर नॉन-ब्लॉकिंगच जन्मते, तर लिनक्सवर ते ब्लॉकिंग असते. मॅकवर लिहून तपासलेला इव्हेंट लूप लिनक्सवर एका संथ क्लायंटपायी संपूर्ण गोठतो, त्यामागे बहुतेकदा हेच कारण असते. लिनक्सवर २.६.२८ पासून आणि फ्रीबीएसडीवर १०.० पासून ॲक्सेप्ट४ आहे. त्यात नॉन-ब्लॉकिंग व क्लोज-ऑन-एक्झेक (नवा प्रोग्राम सुरू होताना सॉकेट बंद करणे) हे दोन्ही झेंडे (फ्लॅग) एकाच हाकेत लावता येतात. मॅकओएसवर ॲक्सेप्ट४ नाही. तिथे ॲक्सेप्टनंतर लगेच एफसीएनटीएलने दोन्ही झेंडे लावावेत, वारशाने मिळाले असोत वा नसोत.

सातवी पायरी: पलीकडचा गेला, हे कसे कळणार

आता ती फजिती. पावसाळ्यात माडाचे चुडत तारेवर पडते आणि शीतगृहाची वीज जाते. आमच्या पेटीला बॅटरी नव्हती. ती निरोप न घेताच विझायची, वीज आली की नवी जोडणी उघडायची, आणि सर्व्हरवर जुनी जोडणी तशीच उघडी राहायची. आषाढात दिवसाला दहा-दहा वेळा वीज जाऊ लागली तेव्हा मृत जोडण्यांनी फाइल डिस्क्रिप्टरची (प्रक्रियेला एकाच वेळी उघडता येणाऱ्या फाइली व सॉकेटांची) मर्यादा गाठली आणि सर्व्हरने जिवंत पेट्यांनाही दार बंद केले. कीपअलाइव्ह (गप्प जोडणी जिवंत आहे का याची चौकशी करणारा ऑप्शन) तर मी लावला होता. पण त्याचे आकडे बदलणारा भाग मी मॅकसाठी म्हणून अशा अटीत गुंडाळला होता, की तो फ्रीबीएसडीवर कंपाइलच होत नव्हता.

एसओ_कीपअलाइव्ह हा ऑप्शन सगळीकडे आहे, पण नुसता तो लावून भागत नाही. आरएफसी ११२२ या इंटरनेट मानकानुसार पहिली चौकशी पाठवण्यापूर्वीची मूळ वाट निदान दोन तासांची असली पाहिजे, आणि सगळ्या प्रणाली ७२०० सेकंद हाच आकडा वापरतात. त्यानंतर लिनक्स ७५ सेकंदांच्या अंतराने ९ चौकशा करतो, म्हणजे मृत जोडणी कळायला २ तास ११ मिनिटे १५ सेकंद लागतात. फ्रीबीएसडीवर चौकशा ८ आहेत, म्हणून २ तास १० मिनिटे. वाटेतल्या नॅटनेही (पत्ते बदलणाऱ्या राउटरनेही) स्थिर जोडणी निदान २ तास ४ मिनिटे सांभाळावी असे आरएफसी ५३८२ सांगतो, पण मोबाइल जाळ्यांत त्यापेक्षा पुष्कळ लवकर नोंद पुसली जाण्याचा अनुभव येतो.

आकडे बदलण्याची नावे अशी. लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर टीसीपी_कीपआयडल, टीसीपी_कीपइंटव्हल व टीसीपी_कीपसीएनटी (अनुक्रमे पहिल्या चौकशीपूर्वीची वाट, चौकशांमधले अंतर आणि चौकशांची संख्या) आहेत, आणि पहिल्या दोहोंचे एकक सेकंद आहे. मॅकओएसवर पहिल्याचे नाव टीसीपी_कीपअलाइव्ह असे आहे, एकक सेकंदच. उरलेली दोन नावे तीच. या टीसीपी_कीपअलाइव्हचा एसओ_कीपअलाइव्हशी घोटाळा करू नये: एक चालू-बंद करतो, दुसरा वाट पाहण्याचा काळ ठरवतो. सोलारिसचे जुने टीसीपी_कीपअलाइव्ह_थ्रेशोल्ड मिलिसेकंदांत मोजते. फ्रीबीएसडीवर आणखी एक खोडी आहे: ऑप्शन सेकंदांत, पण त्याच गोष्टीचे सिसकंट्रोल (यंत्रभर लागू होणाऱ्या कर्नल सेटिंगचे) मूल्य मिलिसेकंदांत. ओपनबीएसडीवर सॉकेटागणिक आकडे बदलण्याची सोयच नाही. संपूर्ण यंत्रासाठी सिसकंट्रोलनेच बदलावे लागते. आम्ही आता ६० सेकंद वाट, १० सेकंदांचे अंतर आणि ६ चौकशा असे ठरवले आहे. हिशेब १२० सेकंदांचा.

हे झाले सर्व्हरच्या बाजूचे, जो बहुतांशी ऐकतो. पेटीची बाजू निराळी आहे, कारण ती पाठवते, आणि पाठवलेल्या बाइटांची पोच आलेली नसेल तोवर कीपअलाइव्हची चौकशी चालतच नाही. तिथे पुन्हा पाठवण्याचे टायमर काम करतात. लिनक्सवर टीसीपी_रिट्राइज२ ची (पुन्हा पाठवण्याच्या प्रयत्नांच्या संख्येची) मूळ किंमत १५ आहे, आणि तिच्यामुळे सुमारे ९२४.६ सेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांहून अधिक काळ पेटी मेलेल्या जोडणीशी झगडत बसते. यावर २.६.३७ कर्नलपासून टीसीपी_यूजर_टाइमआउट आहे, जो पोच न आल्यास किती काळ थांबायचे ते ठरवतो. त्याचे एकक मिलिसेकंद आहे, म्हणून त्यात १२० नव्हे तर १२०००० लिहावे. मॅकवर त्याच जातीचा टीसीपी_आरएक्सटी_कॉनड्रॉपटाइम आहे आणि तो सेकंदांत मोजतो.

ज्याला सगळ्या प्रणालींवर एकसारखे वागणे हवे असेल, त्याने प्रोटोकॉलमध्येच स्वतःचा ठोका ठेवावा: अमुक सेकंदांत काही आले नाही तर जोडणी बंद. आमच्या सर्व्हरवर कीपअलाइव्हच्या जोडीला तोही आहे. प्रक्रिया जिवंत आहे पण आतून अडकली आहे, हे फक्त असा ठोकाच सांगू शकतो. कीपअलाइव्हला उत्तर देतो तो पलीकडचा कर्नल.

आठवी पायरी: लिहिताना आणि बंद करताना

तुटलेल्या जोडणीवर लिहिले की सिगपाइप सिग्नल येतो आणि प्रोग्राम मरतो. लिनक्सवर प्रत्येक सेंडला एमएसजी_नोसिग्नल द्यायचा. मॅकवर सॉकेटाला एकदाच एसओ_नोसिगपाइप लावायचा, कारण जुन्या हेडरमध्ये एमएसजी_नोसिग्नल नव्हता. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडीवर दोन्ही आहेत. लिनक्स व ओपनबीएसडीवर एसओ_नोसिगपाइप नाही. एमएसजी_नोसिग्नल फक्त सेंडच्या हाकांना लागू होतो, साध्या राइटला नाही. प्रोग्राम संपूर्ण आपलाच असेल तर सुरुवातीलाच सिगपाइपकडे दुर्लक्ष करण्याची सूचना द्यावी आणि मोकळे व्हावे. लायब्ररी लिहिणाऱ्याने मात्र दुसऱ्याच्या प्रोग्रामचे सिग्नल बदलू नयेत. त्याला वरचा मार्ग चुकत नाही.

एसओ_लिंगर (बंद करताना किती थांबायचे ते ठरवणारा ऑप्शन) चालू करून वेळ ० दिली, की बंद करताना सगळीकडे आरएसटी (जोडणी तोडणारे पॅकेट) जातो आणि न पोचलेला डेटा फेकला जातो. शून्याहून अधिक वेळ दिली, की घोळ सुरू होतो. मॅकओएसवर एसओ_लिंगर सेकंद मोजत नाही, टिक मोजतो. सेकंदाला १०० टिक, म्हणजे ५ लिहिले तर वाट सेकंदाच्या विसाव्या भागाची. सेकंद हवे असतील तर तिथे एसओ_लिंगर_सेक वापरावा. नॉन-ब्लॉकिंग सॉकेट फ्रीबीएसडीवर वाट न पाहता बंद होते, पण लिनक्सवर ते नॉन-ब्लॉकिंग असूनही क्लोजमध्ये थांबते; आणि लिनक्सवरच प्रक्रिया संपल्यामुळे सॉकेट बंद झाले, तर ती वाट पार्श्वभूमीत जाते. इतक्या तऱ्हा पाहिल्यावर मी हा ऑप्शन सोडून दिला. शटडाउनने लिहिण्याची बाजू बंद करावी, रीड शून्य देईपर्यंत वाचत राहावे, मग क्लोज करावे. शेवटची नोंद पोचली की नाही याची खात्री मात्र पलीकडच्या प्रोग्रामच्या पोचपावतीनेच होते.

अर्धवट भरलेली पॅकेटे अडवून ठेवणारा ऑप्शन: टीसीपी_कॉर्क लिनक्सचा आणि टीसीपी_नोपुश बीएसडीचा. कॉर्क २०० मिलिसेकंदांनंतर अडवलेले आपोआप सोडतो, नोपुशकडून तशी अपेक्षा ठेवू नये. मल्टिकास्ट वापरणाऱ्यांनी आयपी_मल्टिकास्ट_टीटीएल आणि आयपी_मल्टिकास्ट_लूप यांना एक बाइटाचे चल द्यावे. लिनक्स आणि फ्रीबीएसडी पूर्णांकही स्वीकारतात, ओपनबीएसडी स्वीकारत नाही.

नववी पायरी: प्रत्यक्ष तपासणी

लावलेले ऑप्शन बाहेरून पाहता येतात. लिनक्सवर एसएस कमांडला ओ हा झेंडा दिला की कीपअलाइव्हचा टायमर उलटा मोजत जाताना दिसतो, आणि एम दिला की बफरची जागा दिसते. फ्रीबीएसडीवर कोणत्या प्रक्रियेने कोणता पोर्ट धरला आहे ते सॉकस्टॅट सांगते, आणि नेटस्टॅटला मोठा एल दिला की लिसनच्या रांगा दिसतात. मॅकवर एलएसओएफ आहेच. प्रोग्रामने खरोखर कोणत्या हाका मारल्या ते पाहायला लिनक्सवर एसट्रेस आणि फ्रीबीएसडीवर ट्रस वापरावे. माझा न कंपाइल झालेला भाग मला ट्रसच्या पहिल्या पडद्यावरच सापडला, कारण तिथे त्या हाका नव्हत्याच.

मृत जोडणीची चाचणी करताना क्लायंटची प्रक्रिया मारून काहीही सिद्ध होत नाही: प्रक्रिया मेली तरी कर्नल जिवंत असतो आणि तो रीतसर फिन (जोडणी बंद करत असल्याचे पॅकेट) किंवा आरएसटी पाठवतो. पेटीच्या टोकाची नेटवर्क केबल काढावी, किंवा पेटीवर फायरवॉलने आत येणारी पॅकेटे टाकून द्यावीत. बाहेर जाणारी अडवू नयेत. दोन फेऱ्या कराव्यात: एकदा पेटी गप्प असताना, एकदा ती नोंद पाठवत असताना, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावून दोन्ही टोकांचे लॉग पाहावेत. आमच्या आकड्यांनुसार पहिल्या फेरीत सर्व्हरने आणि दुसऱ्या फेरीत पेटीने १२० सेकंदांच्या आसपास जोडणी सोडली पाहिजे. पहिल्या फेरीत दोन तास लागले, तर कीपअलाइव्ह चालू आहे पण त्याचे आकडे लागलेले नाहीत. दुसऱ्या फेरीत पेटीला पंधरा मिनिटे लागली, तर यूजर टाइमआउट लागलेला नाही. आणि तिने सेकंदाच्या आतच हार मानली, तर मिलिसेकंदांच्या जागी सेकंद लिहिले गेले आहेत.